वाटाड्याचा तक्ता

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सलीमभाऊला नाही, आणि जिला सांगायला पाहिजे होतं तिला तर नाहीच. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून बहुतेक तुमच्यासमोर बोलता येतंय. ओळखीच्या माणसापुढं माझी जीभ टाळूला चिकटते — पंचवीस वर्षं फळ्यासमोर बडबडून पोट भरलेल्या माणसाची! आहे की नाही गंमत?

आधीच सांगतो, ऐकून हसाल. खेळाची गोष्ट आहे. पन्नाशीला टेकलेला, ब्रह्मपुरीत गणिताची शिकवणी घेणारा माणूस खेळातल्या एका पोट्टीवर जळला, एवढीच गोष्ट. जळला म्हणजे थोडंथोडकं नाही. रविवार जवळ आला की छातीत काहीतरी कुरतडायला लागायचं, असा जळला. पण नुसतं जळणं हा काही गुन्हा नाही. जळत तर सगळेच असतात. मी त्याच्या पुढं जे केलं — थांबा, क्रमानं सांगतो.

सलीमभाऊचं झेरॉक्सचं दुकान आहे, बसस्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर. वरती एक खोली, कागदाच्या रिमांनी अर्धी भरलेली. पाचेक वर्षांपूर्वी त्याला इंटरनेटवर एक खेळ सापडला. टेबलाभोवती बसून गोष्ट खेळायची. एक जण सूत्रधार — तो जंगल सांगणार, गुहा सांगणार, राक्षस सांगणार. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि त्या गोष्टीत शिरायचं. मारामारी आली की फासे टाकायचे. सलीमभाऊनं जाडजूड नियमपुस्तक छापून काढलं, जमेल तसं मराठी केलं, आणि रविवारी दुपारी आम्ही चौघं बसायला लागलो. सूत्रधार सलीमभाऊ. खेळणारे तीन: मी, बसवर कंडक्टर असलेला भोजराज, आणि प्रज्ञा.

प्रज्ञा माझीच विद्यार्थिनी. दहावीला माझ्याकडे होती. तिचं गाव आरमोरीकडचं, वडील जंगल खात्यात वनमजूर. ती आता इथं सेतू केंद्रात फॉर्म भरून देते. दाखले, अर्ज, सही इथे करा, अंगठा तिथे लावा — दिवसभर तेच. पहिल्याच रविवारी तिनं सलीमभाऊचं मराठी दुरुस्त केलं. पात्रांचे जे प्रकार असतात, योद्धा, मांत्रिक, वैदू, वाटाड्या, त्याला त्यानं ‘जात’ लिहिलं होतं. तिनं पेन काढला आणि तो शब्द खोडला. म्हणाली, “भाऊ, जे निवडता येते ते जात कशी असन?” सलीमभाऊनं खोडलेला शब्द पुन्हा वाचला. मग म्हणाला, “बरोबर आहे बापा.” तेव्हापासून आम्ही ‘पेशा’ म्हणतो.

तेव्हाच माझ्या मनात आलं होतं — हे मला काऊन नाही सुचलं?

पेशा निवडायच्या आधी मी घरी हिशेब मांडला होता. कोणाचा वार किती, कोणाला घाव किती सोसवतो, कोण किती फेऱ्या टिकतो. आमच्याकडे पुस्तकातले ते पैलूदार फासे नव्हते. भोजराजनं चिंचोके आणले, मधोमध फोडून दगडावर घासलेले. मूठभर टाकायचे, पांढरी बाजू वर पडेल तेवढा फटका. योद्ध्याला पाच चिंचोके, वाटाड्याला चार. पण वाटाड्या लांबून मारतो, आधी मारतो. म्हणून नुसतं पाहून कोण भारी ते कळत नाही. मी दोन संध्याकाळी वही भरली आणि योद्धा घेतला. भोजराजला हातवारे करायला आवडतात, त्यानं मांत्रिक घेतला. वैदू सलीमभाऊच चालवायचा. प्रज्ञाला उरलेला वाटाड्या. तिनं काही हिशेब केला नव्हता. “राहू द्या, मले चालते,” म्हणाली.

आणि मग ती जिंकायला लागली.

कशी, ते एकदा सांगतो. गुहेत एक राक्षस होता, अस्वलासारखा. मी तलवार उपसून तयार. किती फेऱ्यांत पडेल ते मनातल्या मनात काढूनसुद्धा ठेवलेलं. सलीमभाऊनं विचारलं, काय करता? प्रज्ञा म्हणाली, “भाऊ, हवा कोणीकडून येऊन राह्यली?” सलीमभाऊ गडबडला, हे तर पुस्तकात नव्हतं. काहीतरी सांगितलं त्यानं. मग हिचं पुढचं — जवळ पाणी कुठी आहे? पाणी खालच्या अंगाला होतं. आमचा वास त्याच्याकडे जाणार नाही अशा बाजूनं ही आम्हाला घेऊन पाण्यावरच्या झाडावर जाऊन बसली. “तहान लागल्याबिगर राह्यते का तो?” राक्षस दुपारी पाण्यावर आला, खाली मान घातली, आणि वरून तिनं तीन बाण घातले. खलास! माझी तलवार हातातच राहिली. भोजराज तर टेबलावर थापा मारून राहिला होता. सलीमभाऊनं ताटलीतला शेवटचा आलुबोंडा तिच्यापुढं सरकवला.

तो आलुबोंडा मला अजून दिसतो. किती हलकट असावं माणसानं?

लहानपणी ती आईसोबत पहाटे मोहाची फुलं वेचायला जायची. मोहाखाली अस्वलही येतं. वारा, आवाज, पाणवठा हे तिच्या अंगात भिनलेलं. कुठं उभं राहिलं तर मरू आणि कुठं नाही, हे तिला खेळातसुद्धा आधी दिसायचं. आम्ही विचारायचो, समोर किती जण आहेत? ती विचारायची, सावली कोणत्या बाजूला आहे? हे सगळं मला आज सांगता येतंय. तेव्हा येत नव्हतं, अशातला भाग नाही. तेव्हाही दिसत होतं. मला ते बघायचं नव्हतं.

दोन वर्षं असंच चाललं. माझा योद्धा मार खायचा, हिचा वाटाड्या गोष्ट संपवायचा. मी तोंडदेखलं ‘शाब्बास’ म्हणायचो आणि घरी येऊन बायकोवर चिडायचो, भाजीत मीठ जास्त, पंखा कमी. दहावीला जिला मी बीजगणित समजावून दिलं तिनं माझ्यापुढं जावं? आणि तेही हिशेब न करता? मी एक समजूत करून घेतली. ही भारी नाही, हिचा पेशा भारी आहे. पुस्तक लिहिणाऱ्याचीच चूक असणार! वाटाड्याला जास्त दिलंय त्यानं, योद्ध्यावर अन्याय केलाय. ही समजूत पटली आणि त्या रात्री मला झोपसुद्धा बरी लागली.

पुढच्या रविवारी मी विषय काढला. आवाज असा लावला की जणू सगळ्यांच्या भल्याचं बोलतोय. खेळ एकतर्फी होतोय, चारही पेशांची ताकद एकदा मोजून पाहू या, जो भारी निघेल त्याचा एक चिंचोका कमी करू, जो हलका निघेल त्याला एक वाढवू. सगळे हो म्हणाले. प्रज्ञा तर आनंदानं हो म्हणाली. “सर मोजतीन तर मंग पाहाच लागत नाई.”

मी मोजलं. हे ऐका — मी प्रामाणिकपणे मोजलं. पंधरा दिवस रोज शिकवणी सुटल्यावर सतरंजीवर बसून चिंचोके टाकले. प्रत्येक पेशाची दुसऱ्या प्रत्येकाशी झुंज, मोकळ्या मैदानावर, समोरासमोर. एकेका जोडीच्या चाळीस झुंजी. बायको दारात उभी राहून म्हणायची, “याड लागलं का हो तुमाले?” लागलंच होतं. मग योद्धा विरुद्ध वाटाड्या सुरू केलं. वाटाड्या जिंकू दे, असं मी मनातून म्हणत होतो. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या बाजूनं होतो!

वाटाड्या हरला.

पुन्हा हरला. मांत्रिकाकडून हरला. वैदूकडून — अहो, जडीबुटीवाल्या वैदूकडूनसुद्धा हरला. मी चिंचोके बदलले, दुसरे घासून आणले. तेच. चाळीसांत आठ-नऊ झुंजी कशाबशा पदरात पडायच्या. शेवटी पेन्सिलीनं तक्ता मांडला. योद्धा पहिला, मांत्रिक दुसरा, वैदू तिसरा. वाटाड्या चौथा. चारांत चौथा.

मी त्या कागदाकडे किती वेळ बघत बसलो कोण जाणे. गणिताचा माणूस आहे, पुढची पायरी मला कळत नाही असं होईल का? पेशा सगळ्यांत हलका. आणि तो घेऊन ही दोन वर्षं सगळ्यांच्या पुढं. माझा पेशा सगळ्यांत भारी. आणि तो घेऊन मी मागं. मधून पेशा काढून टाका. उरतं काय?

उरतं ते मला सोसवलं नाही. अंगाचा नुसता तिळपापड झाला. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, रडूही आलं नाही.

मी नवा कागद घेतला, पट्टी घेतली, निळ्या शाईनं सुंदर तक्ता काढला. आकडे एकही खोटा लिहिला नाही — तसं माझ्या हातून होतच नाही. फक्त पहिल्या आणि शेवटच्या ओळीतली नावं बदलली. योद्ध्याच्या आकड्यांपुढं वाटाड्या लिहिलं, वाटाड्याच्या आकड्यांपुढं योद्धा. दोन शब्द. खाली सही केली.

सलीमभाऊनं त्याला लॅमिनेशन करून खोलीत भिंतीवर लावलं. नियम बदलले. वाटाड्याचे चारांचे तीन चिंचोके झाले, माझ्या योद्ध्याचे पाचांचे सहा. प्रज्ञानं तक्ता जवळ जाऊन वाचला, ओळीवर बोट फिरवत. मला वाटलं, आता पकडते. दोन वर्षं तोच पेशा खेळली ती, तिच्या हाताला कळत नसेल का? मान हलवली आणि हसून म्हणाली, “म्हंजे इतके दिवस मी फुकटचीच मिरवून राह्यली होती.”

मी काही बोललो नाही. तुम्ही असता तर बोलला असता का? असू द्या, हा प्रश्न मी उगाच विचारला.

त्यानंतर ती बदलली. एकदम नाही, हळूहळू. वारा विचारणं बंद झालं. पाणी विचारणं बंद झालं. जिंकवणारा पेशा होता, ते प्रश्न आपले उगाचच, असं तिला वाटायला लागलं असणार. आमच्यासोबत ओळीत उभी राहून समोरासमोर लढायला लागली, तीन चिंचोक्यांवर. आणि हरायला लागली. माझा योद्धा सहा चिंचोक्यांनी धडाधड माणसं पाडायचा. खोटं कशाला बोलू — मजा यायची. लय मजा यायची.

इथपर्यंतचं एखाद्या दिवशी कोणाला सांगून टाकलंही असतं. खेळातली लबाडी, माणसं हसली असती, सलीमभाऊनं दोन शिव्या घातल्या असत्या. पुढचं तसं नाही.

सलीमभाऊ आमच्या जुन्या खेळांच्या गोष्टी इंटरनेटवर लिहून टाकायचा. पुण्यात असले खेळ तयार करणारी काही मंडळी आहेत, त्यांनी त्या वाचल्या. फोन आला. ही वाटाड्या खेळणारी कोण? त्यांना असं माणूस पाहिजे होतं, जे नवा खेळ हातात घेऊन त्याच्या फटी शोधेल, पुस्तकात नसलेलं विचारेल. सहा महिने या, राहायची सोय करतो, जमलं तर कायमचं काम. प्रज्ञाच्या आईनंसुद्धा जा म्हटलं. सेतू केंद्रातल्या खुर्चीतून उठायची तेवढी एक वाट तिच्यापुढं आली होती.

ती माझ्याकडे आली. दुपारची वेळ, शिकवणी सुटलेली. दहावीत यायची तशीच चपला बाहेर काढून आली, आणि बस म्हटलं तरी बसली नाही. म्हणाली, “सर, तुमीच सांगा, तुमी मोजलं होतं. तवा मी जिंकून राह्यली होती का तो पेशा?”

बघा, तिनं किती नेमकं विचारलं. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नसेल. आणि उत्तर माझ्याकडे होतं. अंदाज नव्हे, मत नव्हे — मोजलेलं उत्तर, हाताच्या अंतरावर, लॉगटेबलच्या पुस्तकात घडी करून ठेवलेलं. जगात ते एकट्या माझ्याकडे होतं.

मी म्हणालो, “पेशा होता तो, बेटा.”

बेटा म्हणालो मी तिला. वरून आणखी म्हणालो, तक्ता तर तू पाहिलाच आहे, तिथं जाऊन फजिती व्हायची, त्यापेक्षा इथं काय वाईट आहे? तिनं मान डोलावली. “बरं झालं विचारलं,” म्हणाली. दारात चपला घालताना एकदा थांबली, मला वाटलं वळेल. पट्टा अडकला होता, तो सरळ करून गेली.

पुण्याच्या लोकांना तिनं काय सांगितलं ते सलीमभाऊकडून कळलं. त्या पेशातच दम होता, माझ्यात काही नाही, आमच्या सरांनी मोजलं आहे. त्यांनी दोनदा फोन केला, मग करणं सोडलं.

मला काय वाटलं, तेही सांगतो, लपवून काय करू. हलकं वाटलं. ती गेली असती आणि तिकडे नाव काढलं असतं तर मी ते ऐकू शकलो नसतो. त्या रविवारी आलुबोंडे मी घेऊन गेलो, सगळ्यांसाठी, आणि पहिला तिला दिला.

याला दोनेक वर्षं झाली. ती सेतू केंद्रातच आहे. रविवारी अजून येते, पण खेळते थोडंच; बहुतेक वेळ सगळ्यांच्या पात्रांची पत्रकं सांभाळते, चहा सांगते. यंदा आमच्यात शीतल नावाची एक नर्स आली, वरोऱ्याहून बदली होऊन. कोणता पेशा घेऊ, विचारलं तिनं. प्रज्ञानं भिंतीकडे बोट केलं. “वाटाड्या घे. सरनं मोजून पाह्यलं आहे, एक चिंचोका काढला तरी तोच भारी असन.” शीतलनं घेतला. पहिल्या रविवारी तिचा वाटाड्या मेला. दुसऱ्या रविवारी मेला. महिनाभर मरतोच आहे. मरणारच. आधीच चौथा, आणि त्याचाही एक चिंचोका मीच काढलेला.

प्रज्ञा तिच्या शेजारी बसून समजावते. परवा डोक्याला हात लावून म्हणाली, “पेशा तर चांगला आहे गं. मलेच शिकवता येऊन नाई राह्यलं.”

तेव्हा सलीमभाऊ चष्मा वर करून तक्त्याकडे बघायला लागला. पहिल्या ओळीवरून शेवटच्या ओळीवर नजर नेली, परत वर आणली. मग म्हणाला, “सर, एकदा मोजून पाहा ना परत. काईतरी गडबड वाटते मले.” खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या हातात सहा चिंचोके होते. मी तोंड उघडणार — काय बोलणार होतो ते आता आठवत नाही, खरं बोलणार होतो असं म्हणवत नाही — तेवढ्यात प्रज्ञाच बोलली, जरा रागानंच.

“कायले परत? सरनं मोजलं आहे ना!”

सलीमभाऊ बरं म्हणाला, आणि मी चिंचोके टाकले. चार पांढरे पडले.

तक्ता अजून भिंतीवर आहे, माझ्या सहीसकट. मूळ कागद लॉगटेबलच्या पुस्तकात आहे, काल काढून पाहिला. पेन्सिल जरा पुसट झाली आहे, पण वाचता येतं. योद्धा पहिला. मांत्रिक दुसरा. वैदू तिसरा. वाटाड्या चौथा. तो चौथा घेऊन प्रज्ञा दोन वर्षं माझ्या पुढं होती. हे मला माहीत होतं. ती दारात उभी राहून विचारत होती तेव्हाही माहीत होतं.